मुक्या फिल्मवर फाल्कोने

मोबाईल घरीच ठेवा. जिथे जायचं आहे तिथे रेंज नाही, हे झालं एक कारण. दुसरं असं, की तुम्ही ज्या गाडीवर बसणार आहात ती अंगभर थरथरते; आणि मोटरसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने मोबाईलच्या कॅमेऱ्यातली लेन्स सावरणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा खुद्द ॲपलने २०२१ मध्ये दिला आहे. तेव्हा खांद्याला एक सुपर-एट कॅमेरा अडकवा, खिशात कोडाक्रोम फिल्मची एकच कार्ट्रिज टाका आणि निघा. साल १९७२, महिना जूनचा. ठिकाण उत्तर इटलीतलं मांदेल्लो देल लारियो.

सकाळची गाडी तुम्हाला छोट्या स्टेशनवर सोडते आणि पुढे निघून जाते. पाठीशी ग्रिन्या पर्वताचे उघडे कडे, समोर कोमो सरोवराचा लेक्कोकडे उतरणारा फाटा. उत्तरेकडून तिवानो वाहतोय. हा इथला सकाळचा वारा. दुपारी तो पडेल आणि दक्षिणेकडून ब्रेवा सुटेल. रुळांपासून जवळच मोटो गुझीचा कारखाना आहे. कामगार सायकलींवरून फाटकाकडे चालले आहेत. आत सध्या व्ही-सेव्हन स्पोर्ट बनते, गेल्या वर्षीच आलेली, दोन सिलिंडरची. भिंतीपलीकडे कुठेतरी ती सुरू होते आणि तुमची मान आपोआप वळते. पण तुम्ही तिच्यासाठी आलेला नाही. तुम्हाला जायचंय सरोवराच्या बाजूला, एका निवृत्त कामगाराच्या शेडमध्ये. त्याची गाडी आहे याच कारखान्यात बनलेली, १९५१ सालची फाल्कोने.

दार उघडं असतं. म्हातारा तुमच्याकडे न बघताच म्हणतो, ‘‘आधी इंजिनाला हात लाव. थंड आहे? मग बस खाली.’’

तुम्ही बसता, आणि खाली बसल्यावरच ही गाडी नीट कळते. तुमच्या ओळखीच्या बहुतेक मोटरसायकलींचा सिलिंडर उभा असतो; हिचा आडवा आहे, पुढच्या चाकाकडे तोंड करून. त्याचं हेड सगळ्यात पुढे, त्यामुळे वाऱ्याचा पहिला मारा तिथेच बसतो. डाव्या अंगाला, इंजिनाच्या बाहेर, उघडंवाघडं फ्लायव्हील. इटालियन लोक गमतीने त्याला सलामी कापायचं यंत्र म्हणतात. गंमत ऐकून हसा, पण पँटची डावी कड मोज्यात खोचून घ्या. ते गरागरा फिरत असताना तुमच्या पायाचं काय करेल ते या नावातच आलं.

म्हातारा खडू घेऊन भिंतीवर दोन आकडे लिहितो: ८८, ८२. पिस्टनचा व्यास ८८ मिलिमीटर, त्याची धाव ८२. कार्लो गुझी आणि जॉर्जो पारोदी यांनी १९२१ मध्ये कंपनी काढली, तेव्हा त्यांच्या पहिल्या मोटरसायकलचीही हीच मापं होती. पहिल्या महायुद्धात दोघे नौदलाच्या विमानदळात होते. त्यांच्याबरोबर जोव्हान्नी रावेल्ली नावाचा तिसरा मित्र होता, तो वैमानिक होता आणि मोटरसायकलींच्या शर्यतींतही उतरायचा. कंपनी निघण्याआधीच, १९१९ मध्ये, तो विमान अपघातात गेला. टाकीवरचा पंख पसरलेला गरुड त्याच्यासाठी आहे. फाल्कोने १९५० मध्ये आली आणि १९६७ पर्यंत बनत राहिली. म्हणजे ही दोन मापं चाळीसहून अधिक वर्षं टिकली. मधल्या काळात याच गावात गाडी अख्खी आत मावेल असा वाऱ्याचा बोगदा बांधला गेला, आणि जुलिओ चेझारे कार्कानोने पाचशे सीसीत आठ सिलिंडर बसवून शर्यतीची गाडी केली. १९५७ च्या शेवटी कंपनीने शर्यती सोडल्या. आठ सिलिंडरची गाडी इतिहासात गेली, एका सिलिंडरची रस्त्यावर राहिली. पोलीस ती चालवत होते, सैन्य चालवत होतं, पंचक्रोशीतले डॉक्टर-व्यापारी चालवत होते.

का राहिली, ते आता तुमच्या हाताला कळणार आहे.

म्हातारा स्पार्क प्लग काढायला सांगतो. आता सिलिंडरमध्ये दाब धरत नाही, म्हणून बाहेरचं फ्लायव्हील तळहाताने सहज फिरवता येतं. तुम्ही ते सावकाश फिरवता. एक व्हॉल्व्ह उघडतो, मिटतो, मग दुसरा. दोन्ही मिटलेले आणि पिस्टन टोकाला आलेला, अशी जागा सापडली की थांबायचं. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये फिलर गेजची पातळ पट्टी सरकवायची. पट्टी अजिबात जाऊ नये असंही नको आणि ढिली पडावी असंही नको. ओढताना किंचित अडावी. हे काम इंजिन थंड असतानाच करायचं, कारण तापल्यावर धातू फुगतो आणि माप खोटं येतं. म्हणूनच त्याने आल्याआल्या तुम्हाला हात लावायला सांगितलं होतं.

‘‘अडली?’’ तो विचारतो.

‘‘थोडी.’’

‘‘थोडी म्हणजे किती? ओढ परत. डोळे मिटून ओढ.’’

तुम्ही डोळे मिटून ओढता, आणि खरंच, बोटांना कळतं.

मग मॅग्नेटोचे पॉइंट. ही गाडी ठिणगीसाठी बॅटरीकडे हात पसरत नाही. मॅग्नेटो स्वतः फिरता फिरता वीज तयार करतो. पॉइंटवर काळपटपणा धरला असेल तर हलक्या हाताने घासायचा, फट मोजायची, झाकण लावायचं. मग चेन: मागचं चाक थोडं थोडं फिरवत तिचा ढिलेपणा सगळीकडून बघायचा. चेन एकसारखी झिजत नाही, म्हणून ती सगळ्यात ताठ जिथे असेल तिथलं माप धरायचं. मग तेल. हिचं तेल वेगळ्या टाकीत राहतं. तिथून पंप ते इंजिनाला देतो आणि परत टाकीत आणतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते हळूहळू खाली इंजिनात झिरपू शकतं. टाकीतली पातळी खाली दिसली म्हणून नवशिका वर आणखी तेल ओततो, आणि पहिल्या किकला धुराचा लोट काढतो. म्हणून मोजायचं ते इंजिन थोडं चालल्यानंतर.

एव्हाना तुमच्या नखांत काळं गेलंय आणि एक गोष्ट लक्षात आली आहे. या गाडीत जे बिघडू शकतं ते सगळं दिसतं, आणि जे दिसतं त्या सगळ्यापर्यंत पाना पोचतो. एकवीस वर्षांत म्हाताऱ्याने बदललं असेल बरंच काही; पण प्रत्येक वेळी काय बदललं ते त्याला ठाऊक होतं. जुन्या गाड्या मजबूत होत्या म्हणून टिकल्या, ही समजूत अर्धीच खरी. त्या उघडता येत होत्या म्हणून टिकल्या.

आता कॅमेरा. खांद्यावरून काढा आणि हिशेब करा. सुपर-एटच्या कार्ट्रिजमध्ये पन्नास फूट फिल्म असते. एका फुटात ७२ चित्रं, म्हणजे एकूण ३६००. सेकंदाला १८ चित्रं या वेगाने ती २०० सेकंद पुरते: तीन मिनिटं वीस सेकंद. पुसायची सोय नाही, पुन्हा घ्यायची नाही. दहा-दहा सेकंदांचे वीस तुकडे, बस. घरी तुम्ही एवढ्या वेळात चहाच्या कपाचं शूटिंग केलं असतंत.

त्याहून मोठी अडचण म्हातारा सांगतो. ‘‘कॅमेरा मुका आहे ना तुझा?’’

आहे. आवाजाची पट्टी असलेली सुपर-एट कार्ट्रिज पुढच्या वर्षी, १९७३ मध्ये येणार आहे. आणि फाल्कोने ज्यासाठी ओळखली जाते तो तिचा आवाजच. जड फ्लायव्हील आणि हँडलवरच्या कांडीने ठिणगी मागे ओढायची, म्हणजे उशिरा पाडायची सोय, यामुळे उभ्या उभ्या ती इतकी सावकाश चालते की एकेक ठोका सुटा ऐकू येतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक स्फोट. मिनिटाला ५४० फेऱ्या असतील तर २७० ठोके, सेकंदाला साडेचार. कान लावून मोजू म्हटलं तर जवळजवळ मोजता येतील. हा आवाज मुक्या फिल्मवर कसा घ्यायचा?

गेल्या वर्षी अमेरिकेत ब्रूस ब्राऊनने मोटरसायकलींवरच्या आपल्या माहितीपटात शर्यतपटूंच्या हेल्मेटवर कॅमेरे बसवले. प्रेक्षकाला हँडलच्या मागे नेऊन बसवायचं, हा त्याचा विचार. तुमच्याकडे तसं सामान नाही आणि वेगही दाखवायचा नाही. तुम्हाला ठोका दाखवायचाय. तुम्ही शेडमध्ये इकडेतिकडे बघता, भिंतीवरच्या आकड्यांपाशी नजर थांबते, आणि तुम्ही खडू उचलता. फ्लायव्हीलच्या चेहऱ्यावर मध्यापासून कडेपर्यंत एकच जाड रेघ ओढता. म्हातारा बघत राहतो. मग आत जाऊन एक जुना जेलोसो टेपरेकॉर्डर घेऊन येतो, मिलानमध्ये बनलेला, विजेवर चालणारा. त्याचा माइक तो गाडीच्या मागे, धुराड्याच्या तोंडापासून बाजूला टेकवून ठेवतो. अगदी समोर ठेवला तर हवेचा झोत लागून नुसती फरफर रेकॉर्ड होते.

‘‘आता बघ,’’ तो म्हणतो, ‘‘आणि कॅमेरा माझ्या तोंडावर नको. हातावर आणि पायावर धर.’’

कळ दाबा.

पेट्रोलचा कॉक उघडला. देल’ऑर्तो कार्ब्युरेटरवरचं छोटं बटण दाबून धरलं, बोटाला पेट्रोल लागेपर्यंत. ठिणगीची कांडी मागे. पायाने किक हळूच खाली, दाब लागेपर्यंत, तिथे थांबून डीकॉम्प्रेसरची कांडी ओढली, म्हणजे व्हॉल्व्ह थोडा उचलला जाऊन दाब सुटतो, किक आणखी किंचित पुढे, कांडी सोडली. पाय वर. आणि मग एकच लांब, शांत किक, सगळं वजन टाकून, पण झटका न देता. पाचशे सीसीचा एकच पिस्टन आहे. ठिणगी पुढे राहिली असती तर त्याने किक उलटी मारून घोट्याचा निकाल लावला असता. ठोका पडतो. दुसरा. मध्ये एवढा अवकाश, की तुम्हाला वाटतं बंद पडली. तिसरा पडतो.

वीस सेकंद गेले. दोन तुकडे संपले. पण एकवीस वर्षांची सवय तुमच्या फिल्मवर उतरली.

निघा आता. वर चढताना गाडी म्हातारा चालवेल आणि तुम्ही मागे बसाल. कॅमेरा गाडीला बांधायचा मोह होईल, बांधू नका. इंजिनाची प्रत्येक थरथर सरळ चित्रात जाईल. तो छातीशी धरा, कोपर अंगाला लावा, पाठ सैल सोडा; थरथर तुमच्या मांसात मुरते आणि चित्र निवळतं. झूम पूर्ण बाहेर ओढा, कारण दूरचं जवळ आणलं की हालचालही तेवढीच मोठी होते. आणि सरोवराच्या देखाव्यावर फिल्म उधळू नका. देखावा पोस्टकार्डवर मिळतो.

रस्ता पाण्याला चिकटून उत्तरेला जातो: लिएर्ना, मग वारेन्ना. वारेन्नाहून बोटीत गाडी चढवून पलीकडे बेल्लाजोला. तिथून चढ सुरू होतो. गिसाल्लोची खिंड समुद्रसपाटीपासून ७५४ मीटरवर आहे आणि सरोवराचं पाणी दोनशेच्या आसपास. दहाएक किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटर वर. इथे कळतं, २३ अश्वशक्ती म्हणजे काय असतं. कागदावर हा आकडा बघून तुम्ही हसला असतात. पण म्हातारा गिअर कमी न करता तिसऱ्यातच चढवतो; ठोके मंदावतात, एकेक सुटा होतो, आणि गाडी मात्र ओढतच राहते. फ्लायव्हीलमध्ये साठलेली गती एका स्फोटापासून दुसऱ्यापर्यंत तिला नेऊन पोचवते. वळणाआधी तो गॅस सोडतो, ब्रेकला फारसा हात लावत नाही. ड्रम ब्रेक आहेत. त्यांच्यावर भिस्त ठेवून वळणात शिरणारे परत बाहेर येतीलच असं नाही.

तुम्ही त्याच्या खांद्यावरून त्याच्या डाव्या हाताची बोटं टिपता. चढ वाढला की ठिणगीची कांडी जराशी मागे, सपाटी आली की पुढे. बघायला हालचाल दोन-तीन मिलिमीटरची. तुमच्या काळातल्या गाडीत हे काम एक चिप करते आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. इथे तो कानाने ऐकतो आणि बोटाने उत्तर देतो.

हाच रस्ता १९२१ ते १९३९ या काळात चिर्कुइतो देल लारियो या शर्यतीचा भाग होता. ताझियो नुवोलारी, पुढे मोटारींच्या शर्यतीत जगभर गाजलेला, या चढावर बियांकी मोटरसायकलवरून जिंकला. आज चढावर सायकलस्वार आहेत, घामाने निथळलेले, कारण माथ्यावर गिसाल्लोची माउली आहे. १९४९ मध्ये पोप बारावे पायस यांनी तिला सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून मान्यता दिली. देवळात शिरलात तर भिंतींवर सायकली टांगलेल्या दिसतील. फाउस्तो कोप्पी आणि जीनो बार्ताली यांच्यासुद्धा. पंढरीची वाट तुडवलेल्या माणसाला इथे परकं वाटणार नाही. म्हातारा बाहेर गाडी उभी करून आधी फ्लायव्हीलच्या बाजूने इंजिनाच्या सांध्यांवरून बोट फिरवतो. किती तेल पाझरलंय ते बघतो, बोट चिंधीला पुसतो, मग टोपी काढून आत जातो. हे दहा सेकंद घ्या. या दिवसातले सगळ्यात चांगले दहा सेकंद हेच असतील.

उतरताना हँडल तुमच्याकडे. गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात, हे पहिले दोन किलोमीटर मनात घोकत राहा. आयुष्यभराची सवय उलटी करायची आहे. इटलीत रस्त्याच्या उजव्या बाजूने जायचं, तेही विसरू नका. अस्सोपर्यंत उतार, तिथून वालब्रोनावरून पुन्हा पाण्याकडे, ओन्नोला. गाडी लांब आहे, वजन खाली आहे. वळणात ती घाई करत नाही आणि तुम्हालाही करू देत नाही. एका ठिकाणी घाबरून तुम्ही मध्येच गॅस सोडता, आणि मागून तुमच्या पाठीवर दोन बोटांची टकटक होते: ओढत राहा. तुम्ही ओढता. गाडी सरळ रेषेत बसते. ओन्नोला पोचल्यावर समोर पाण्यापलीकडे मांदेल्लो दिसतं. ब्रेवा सुटलाय, पाण्यावर पांढरे फेस. लेक्कोला वळसा घालून परत घरी.

फिल्म प्रयोगशाळेत पाठवावी लागते. कोडाक्रोम घरच्या मोरीत धुता येत नाही. टपालाने ती परत यायला वेळ लागतो, पण काळातून फिरणाऱ्याला थांबण्याचं बंधन नाही. तेव्हा उडी मारा जुलैमधल्या एका रात्रीत. त्याच शेडमध्ये दोरीवर चादर टांगली आहे, प्रोजेक्टरचा पंखा घरघरतोय, चार शेजारी बाकावर बसले आहेत.

फ्लायव्हील येतं, आणि बाकावर कुजबुज सुरू होते. गाडी सावकाश चालत असताना चाकावर एकीऐवजी दोन पसरट, पुसट रेघा दिसतात, समोरासमोर. सेकंदाला नऊ फेऱ्या आणि अठरा चित्रं: प्रत्येक चित्रात चाक अर्धंच फिरलेलं. मग म्हाताऱ्याचा हात गॅस किंचित वाढवतो, फेऱ्या मिनिटाला १०८० च्या आसपास पोचतात, दर चित्राला एक पूर्ण फेरी होते, आणि ती पुसट रेघ थबकते. मागे मडगार्ड थरथरतंय, टाकीवरचा पेट्रोलचा ओघळ नाचतोय, आणि चाक मात्र जागच्या जागी उभं. आवाज नसताना सगळ्यांना ठोका दिसतो.

म्हातारा जेलोसो सुरू करतो. सुरुवातीला टेप आणि चित्र बरोबर जुळतात. थोड्याच वेळात आवाज पुढे पळतो, कारण दोन यंत्रांचे वेग कधीच एक नसतात. चादरीवर गाडी अजून चालते आहे आणि टेपवर ती बंद झाली आहे. शेजारी हसतात. एकजण विचारतो, सरोवर कुठे आहे यात? म्हातारा म्हणतो, ‘‘सरोवर उद्याही असेल.’’

आता परत या. हा प्रवास इटलीतला असला, तरी त्याचा धागा आपल्याकडे पोचतो. त्याच १९७२ मध्ये आकुर्डीच्या बजाजने चेतक बाजारात आणली. त्याआधी बजाज इटलीच्या पियाज्जोच्या परवान्याने व्हेस्पा बनवत असे, आणि चेतकची घडण त्याच घराण्यातली. पियाज्जो २००४ पासून मोटो गुझीचीही मालक आहे, आणि तिचा भारतातला कारखाना बारामतीत आहे. फाल्कोने तुमच्या दारात नसेल. पण जिन्याखाली, गावाकडच्या पडवीत किंवा काकांच्या पार्किंगमध्ये चेतक, लॅम्ब्रेटा, राजदूत, येझदी यांपैकी काहीतरी उभं असण्याची शक्यता बरीच आहे. आणि ते सुरू कसं करायचं हे माहीत असलेला माणूसही अजून त्याच घरात असेल.

तो गाडी सुरू करत असताना त्याचं शूटिंग करा. तुमच्याकडे आवाज आहे, रंग आहे, आणि तीन मिनिटं वीस सेकंदांची अट नाही. म्हणूनच ती अट स्वतःवर घाला. ड्रोन नको, मागे गाणं नको, गाडीचं फिरवून फिरवून दाखवलेलं सौंदर्य नको. इंजिन थंड असताना सुरू करा. पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं ते त्याच्याकडून वदवून घ्या. चोक ओढणारं बोट घ्या, स्कूटर एका अंगाला कलती करणारे हात घ्या, प्लग काढून पुसणं घ्या, फसलेल्या किकाही घ्या. सुरू झाली की मागच्या बाजूला थोड्या अंतरावर उभे राहा आणि एक मिनिटभर तोंडातून शब्द काढू नका. नुसता आवाज येऊ द्या. मोबाईल हँडलला लावू नका, हातात धरा. गाड्या संग्रहालयांत जपल्या जातात, त्यांची चित्रं पुस्तकांत मिळतात. आपल्या घरातली गाडी आपल्या घरातल्या माणसाने कशी सुरू केली, याची नोंद दुसरं कोणी ठेवणार नाही. या रविवारीच करा, आणि गाडी धुऊन-पुसून चकचकीत करण्याआधी करा.